क्रूझरला एक दात जास्त
महामार्गावर थंडरबर्डसारख्या चेनच्या क्रूझरचे इंजिन उगाच ओरडत असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवणे हा स्वस्त आणि समंजस उपाय आहे. समजा, 17 ऐवजी 18 दात बसवले, तर ज्या वेगाला इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत होते, त्याच वेगाला सुमारे 3,780 घेते. पिकअप कमी होईल, हा आक्षेप खरा आहे. मागच्या चाकावरचा जोर साडेपाच टक्क्यांनी घटतो. पण क्रूझरच्या इंजिनाला कमी फेऱ्यांतच चांगला जोर असतो, आणि घाटात एक गिअर खाली टाकता येतो. मात्र दोन-तीन दात वाढवण्याचा मोह टाळावा: क्लच लवकर झिजेल, टॉप गिअरमध्ये इंजिन धापा टाकेल. बसवल्यावर चेन कव्हरला घासत नाही ना, हे जरूर पाहावे.