‘नांदवत नाहीत’ म्हणजे काय?

बेळगावात कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यापूर्वी मी काही वर्षे वकिली केली. तेव्हाची माझी एक चूक मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. एका बाईने मला सांगितले होते, ‘‘सासूनं दागिने ठेवायला म्हणून घेतले, परत दिलेच नाहीत. मला माहेरी आणून सोडलं, आता नांदवत नाहीत.’’ मी अर्जात लिहिले, ‘अर्जदाराचा शारीरिक व मानसिक छळ झाला.’ न्यायाधीशांनी विचारले, ‘‘म्हणजे नेमके काय झाले?’’ उत्तर तिच्या बोलण्यात होते, माझ्या अर्जात नव्हते. तारीख पुढे गेली.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक हिंसा सांगितली आहे. विद्यार्थी हे पाठ करतात. पण समोर बसलेली बाई कलमांत बोलत नाही. म्हणून मी तिच्यासारखीची वाक्ये फळ्यावर लिहिते आणि कलम शोधायला लावते. दागिने अडकवणे म्हणजे स्त्रीधनापासून वंचित ठेवणे. ही आर्थिक हिंसा. ‘नांदवत नाहीत’मध्ये तर किती गोष्टी असू शकतात! घरात घेत नाहीत, तर निवासाचा आदेश कलम १९ खाली. खर्चाला देत नाहीत, तर कलम २०. मूल ठेवून घेतले, तर कलम २१. यांतले तिचे कोणते, ते विचारावेच लागते.

विचारायचे कसे, हाही अभ्यासच. ‘‘इतकी वर्षं गप्प का बसलात?’’ या प्रश्नाने बाई पुन्हा गप्प होते. ‘‘हे कधी झालं? घरात कोण होतं?’’ असे विचारले की ती सांगू लागते. आणि ते तिला एकटीला विचारावे, सोबत आलेल्या नातेवाइकांसमोर नव्हे.

पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी, असे कायदा म्हणतो. कलम २३ खाली प्रतिज्ञापत्रावरून, समोरच्या पक्षाला ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. पण प्रतिज्ञापत्रच मोघम असेल, तर न्यायाधीशांनी तो कशावर द्यावा?

आमच्याकडे अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांना मी सांगते, आधी तिचे शब्द मराठीत जसेच्या तसे उतरवा, मग भाषांतर करा. सहीपूर्वी अर्ज तिला मराठीत वाचून दाखवा. ‘‘हो, असंच झालं,’’ असे ती म्हणेपर्यंत अर्ज पुरा झाला असे समजू नका.