ताजमहाल हॉटेलातले भूत

मुंबईच्या अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल आहे. त्याच्या जुन्या इमारतीत भूत फिरते, असे सांगतात. पहिल्या महायुद्धात ही इमारत ६०० खाटांचे लष्करी रुग्णालय होती. जिथे जखमी माणसे राहिली, तिथे भुताच्या गोष्टी लवकर रुजतात. पण गंमत पाहा! इथले प्रसिद्ध भूत सैनिकाचे नाही, वास्तुशिल्पज्ञाचे आहे.

गोष्ट अशी : चेंबर्स नावाचा इंग्रज नकाशे काढून मायदेशी गेला. परत येऊन पाहतो, तर हॉटेल उलटे बांधलेले! तोंड समुद्राऐवजी शहराकडे! निराश होऊन त्याने वरून उडी टाकली.

ही गोष्ट तपासून पाहू या. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. काम चालू असतानाच, १९०० साली वैद्य वारले. ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. ज्याने स्वतः इमारत पुरी केली, त्याला तिची दिशा पाहून धक्का कसा बसेल? शिवाय घोडागाड्या शहराकडूनच येत. दार त्या बाजूला ठेवले, की समुद्राचा वारा खोल्यांना मिळतो. पुढे येण्याजाण्याची वाट समुद्राकडून झाली, म्हणून जुनी रचना उलटी वाटू लागली.

मग जुन्या वास्तूत रात्री आवाज येतात, त्यांचे काय? ते ऐकायला मुंबईला जायला नको. नागभीडकडच्या एखाद्या जुन्या घरात रात्री आढ्यातून ‘कट्‌’ असा आवाज येतो. दिवसा उन्हाने टिनाचे पत्रे प्रसरण पावतात. रात्री ते निवून आकुंचन पावतात. लाकूडही हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. सांध्यात अडकलेला भाग ताण वाढला की एकदम सरकतो, आणि आवाज होतो. दिवसाच्या गलबल्यात तो ऐकू येत नाही.

तुम्हीही हे पडताळून पाहा. सूर्यास्तानंतर दोन तास, दर अर्ध्या तासाला तापमान आणि आवाजांची संख्या वहीत लिहा. कडक उन्हाच्या दिवशी आणि ढगाळ दिवशीही नोंद करा. ढगाळ दिवशी आवाज कमी झाले, तर आपल्या तर्काला बळ मिळेल. तितकेच राहिले, तर दुसरे कारण शोधावे लागेल. कदाचित उंदीर किंवा वारा! पण आधी नोंद, मग निष्कर्ष.