बेळगावची रेघांची पिशवी

‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म’ असं आपल्या आज्या-पणज्या म्हणायच्या. आपण आता हे वाक्य डोहाळजेवणाच्या कार्यक्रमात कौतुकानं वापरतो. त्यांच्यासाठी मात्र तो अनुभव होता. बाळ सुखरूप आणि आई मात्र रात्र उलटायच्या आत गेली, अशी एखादी तरी गोष्ट प्रत्येक गल्लीत माहितीची असायची. ‘अंगावरून फार गेलं’ एवढंच कारण सांगितलं जायचं आणि विषय दैवावर सोडला जायचा.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण मूळचा बेळगावचा असल्यामुळे या ‘अंगावरून जाण्या’शी जोडलेली आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट आपल्या अंकाच्या वाचकांपर्यंत पोचवावीशी वाटते. जगभरच्या डॉक्टरांना ती ठाऊक आहे. बेळगावातच ती फारशी कुणाला ठाऊक नाही!

आधी थोडं शास्त्र. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं जातं आणि वार जिथं चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. ते सैल राहिलं तर रक्त वाहतच राहतं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खेळत असतं, त्यामुळे हातात वेळ फार थोडा उरतो. साधारणपणे ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर त्याला प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव म्हणतात. त्यात बाई आधीच अशक्त असेल तर त्याहून कमी रक्त जाणंही धोक्याचं ठरतं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १०० गरोदर बायकांपैकी ५२ जणींना पंडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता आहे.

यावर औषध आहे. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की गर्भाशय आवळलं जातं. पण हे औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेलं माणूस लागतं. शहरातल्या नर्सिंग होममध्ये फ्रिजही असतो आणि सिस्टरही. घाटाच्या कडेच्या वाडीत, रात्री लाईट गेलेली असताना, घरातच बाळंत होणाऱ्या बाईला यातलं काय मिळणार? रक्तस्राव दोघींना सारखाच होतो. एक वाचते आणि दुसरी दगावते, याचं कारण पुष्कळदा अंतर, रस्ता आणि वीज हे असतं. आरोग्यातली विषमता म्हणतात ती हीच.

आकडे पाहा. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ मातांचा मृत्यू होत होता, तेलंगणात ४३, गुजरातेत ५७, कर्नाटकात ६९ आणि मध्य प्रदेशात १७३. हा अंक हैदराबाद, वडोदरा, बेळगाव आणि इंदूरला एकाच दिवशी उघडला जातो. पण त्या त्या राज्यात आई होण्यातला धोका मात्र एवढा वेगवेगळा आहे.

आता आमच्या गोष्टीकडे येतो. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ सालचं, केएलई संस्थेचं. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीनं माता-बाल आरोग्याच्या संशोधनाचं एक जागतिक जाळं उभं राहिलं. त्यात बेळगावचं कॉलेज, कॅन्सस सिटीचं मिसुरी विद्यापीठ आणि शिकागोचं इलिनॉय विद्यापीठ एकत्र आले. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर, डॉ. रिचर्ड डर्मन, डॉ. स्टेसी गेलर ही त्यातली काही नावं. प्रश्न अगदी साधा होता : ज्या औषधाला फ्रिज आणि सुई लागत नाही, अशा गोळीनं घरच्या बाळंतपणातला रक्तस्राव रोखता येईल का?

गोळीचं नाव मिसोप्रोस्टॉल. २००२ ते २००५ च्या दरम्यान बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० बायकांवर तिची चाचणी झाली. निम्म्या जणींना बाळ जन्मल्यावर खरी गोळी दिली, निम्म्या जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. हे काम प्रोफेसरांनी केलं नाही. ते केलं २५ एएनएमनी, म्हणजे उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनी. बाळंतपणं त्यांनीच केली, गोळ्या त्यांनीच दिल्या आणि रक्तही त्यांनीच मोजलं.

निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. औषध नसलेल्या गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, गोळी घेतलेल्या गटात ६.४ टक्के. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. म्हणजे दर १८ जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. त्रास म्हणाल तर काही वेळ थंडी वाजणं आणि ताप. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्या निर्णयाच्या पाठीशी असलेल्या महत्त्वाच्या पुराव्यांत आमच्या जिल्ह्यातल्या या बायका आहेत.

माझ्यासारख्याला मात्र गोळीपेक्षा मोजण्याची गोष्ट जास्त भावते. आमच्या कामात सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणा असते. ठरलेली मर्यादा ओलांडली की अलार्म वाजतो. पण मोजणारा आकडाच चुकीचा असेल तर अलार्म वाजतच नाही, आणि सगळं ठीक आहे अशा समजुतीत सगळे बसून राहतात. बाळंतपणात नेमकं हेच होत होतं. रक्त चादरीत, जुन्या लुगड्यात, चटईवर, जमिनीवर पसरायचं आणि किती गेलं ते नजरेनं ठरवायचं.

म्हणून या गटानं एक साधी वस्तू तयार केली. बाळंतिणीच्या खाली घालायची प्लॅस्टिकची चादर, तिला खाली निमुळती होत जाणारी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. तिचं नाव ‘ब्रास-व्ही’. ती बनवणाऱ्या सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ते केलेलं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ बायकांवर तुलना करून पाहिली, तेव्हा नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला. शिकलेल्या, अनुभवी डोळ्यांना एक तृतीयांश रक्त दिसतच नव्हतं.

रेघांच्या पिशवीची ही कल्पना पुढे कुठवर गेली पाहा. इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर ‘ई-मोटिव्ह’ नावाचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशीच रेघांची पिशवी वापरली आणि रेघ ओलांडली की गर्भाशयाचं मालिश, औषधं, सलाईन, तपासणी असे सगळे उपचार एकापाठोपाठ न थांबता द्यायचे असं ठरवलं. नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी ५१ बायकांचा रक्तस्राव वेळेत ओळखला जात होता, या पद्धतीत ९३ जणींचा. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटावर करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

बेळगावचं कामही तिथं थांबलं नाही. गरोदरपणात दिलेल्या ॲस्पिरिनच्या लहान मात्रेनं दिवस भरण्याआधीची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या सुमारे १२ हजार पहिलटकरणींवर पाहिलं गेलं. त्यात भारतातून बेळगाव आणि नागपूर ही दोन केंद्रं होती. २०२० च्या निकालात हे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

इथं एक प्रश्न मनात येतो, आणि तो यायलाच हवा. परदेशी पैसा, परदेशी विद्यापीठ आणि आमच्या खेड्यातल्या बायका. मग फायदा कुणाचा? औषध नसलेली गोळी ज्यांना दिली त्यांचं काय? त्या काळी घरच्या बाळंतपणात असं औषध देण्याची सोय नर्सबाईंकडे नव्हती, त्यामुळे त्या बायकांना मिळत असलेलं काही काढून घेतलं गेलं नाही. तरीही प्रश्न मिटत नाही. भागीदारी खरी केव्हा म्हणायची? सहभागी होणाऱ्या बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून तिची संमती घेतली गेली, नाही म्हणण्याची तिला मोकळीक मिळाली आणि अभ्यास संपल्यावर ते औषध तिच्या गावच्या उपकेंद्रात आलं, तर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. समाजानं हे विचारत राहिलं पाहिजे.

सगळं श्रेय संशोधनालाही देता येणार नाही. २००१-०३ मध्ये देशाचा माता मृत्यूदर ३०१ होता, तो २०१८-२० मध्ये ९७ झाला. यात दवाखान्यातल्या बाळंतपणांचा, २००५ च्या जननी सुरक्षा योजनेचा, आशाताईंचा आणि रस्त्यांचा मोठा वाटा आहे. पण दवाखान्यातही कुणीतरी वेळेत ओळखावंच लागतं, आणि तिथं ती पिशवी उपयोगी पडते.

आता आपल्या मंडळांकडे वळतो. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा आणि बेळगाव, आपल्या प्रत्येक गावात मेडिकल कॉलेज आहे. त्याच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाकडे खेड्यातलं आणि वस्तीतलं आरोग्य केंद्र असतं. नव्या अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. हे विद्यार्थी देशभरातून आलेले असतात. खानापूरच्या वाडीत मराठी लागते, बैलहोंगलला कन्नड, आणि पोरांना पुष्कळदा दोन्ही येत नाहीत. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांत वावरणारी माणसं! ‘कळा कधीपासून येतायत’, ‘अंगावरून किती जातंय’ हे विचारायला आणि उत्तर समजून घ्यायला त्यांना शिकवणं, हे आपल्या निवृत्त शिक्षिकांना सहज जमणारं काम आहे.

दुसरं काम रक्ताचं. आपली बहुतेक मंडळं गणेशोत्सवात रक्तदान शिबिर घेतात. ते वर्षातून एकदाच न घेता जवळच्या प्रसूती रुग्णालयाच्या रक्तपेढीला विचारून तीन-चार वेळा, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्त कमी पडतं तेव्हा, घेता येईल. सोबत निगेटिव्ह रक्तगट असलेल्या सभासदांची, त्यांच्या संमतीनं केलेली यादी रक्तपेढीकडे असावी. बेळगावात ही यादी करण्याचं तांत्रिक काम मी करायला तयार आहे. इतर गावांतल्या मंडळांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढीच विनंती.