लॉटचं वजन

फेब्रुवारीत दौलताबादच्या शिवारात हरभऱ्याची काढणी चालू असते. बहीण-मेहुणे पहाटेच रानात गेले होते आणि भाचा घरात लॅपटॉप मांडून सव्वानऊची वाट बघत होता. निफ्टीच्या वायद्यात इन्ट्राडे करायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. "मामा, एकदा शेजारी बसून बघा, मग आईला काय ते सांगा," म्हणाला. बसलो.

खातं उघडणं सोपं आहे. पॅन, आधार आणि डेरिव्हेटिव्हसाठी उत्पन्नाचा पुरावा दिला की काम झालं. कस लागतो तो ऑर्डर भरताना. जानेवारी 2026 पासून निफ्टीचा लॉट 65चा आहे. निर्देशांक 25,000 धरला तर एका लॉटचा सौदा सव्वासोळा लाखांचा होतो. पडद्यावर मात्र ठळक दिसतं ते मार्जिन, म्हणजे दोन लाखांच्या आसपासची अनामत. नफा-तोटा त्या अनामतीवर मोजला जात नाही, सबंध सव्वासोळा लाखांवर मोजला जातो. मी त्याला वहीत लिहायला लावलं: एक पॉइंट म्हणजे 65 रुपये, शंभर पॉइंट म्हणजे साडेसहा हजार. लोकसभेच्या निकालादिवशी, 4 जून 2024 ला, निफ्टी 1,379 पॉइंटांनी पडला होता. आजच्या एका लॉटवर तो तोटा जवळपास 90 हजारांचा झाला असता. हा आकडा लिहून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

पहिले सौदे कागदावरच करायचे ठरले. बाजार उघडताच कँडल लांबलचक होऊ लागल्या. त्याने कागदावर एक लॉट घेतला आणि तीस पॉइंट खाली स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्याची पातळी, ठेवला. चहा येईपर्यंत तो लागला. मग भाव वळला आणि त्याने हेरलेल्या दिशेनेच वर निघाला. "बघा, माझं बरोबर होतं, पुन्हा घेतो," म्हणत त्याने पेन उचललं. दिवसाचा हिशेब बिघडतो तो इथेच, असं माझं ठाम मत आहे. पहिला तोटा ठरवून घेतलेला असतो, दुसरा सौदा रागाने होतो. शिवाय प्रत्येक फेरीला दलाली, रोखे व्यवहार कर, एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी आणि मुद्रांक शुल्क जातंच. सौदा उघडताक्षणी आपण काही पॉइंट मागे असतो. आणि स्टॉपलॉस लावला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. भावाने मधले टप्पे ओलांडून उडी घेतली तर स्टॉपलॉसची लिमिट ऑर्डर तशीच पडून राहते.

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने वायदे आणि ऑप्शनमधल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. 93 टक्के लोक तोट्यात होते आणि तोटा सरासरी माणशी दोन लाखांच्या घरात होता. 2023-24 मध्ये या व्यापाऱ्यांपैकी 43 टक्के तिशीच्या आतले होते. 72 टक्क्यांहून अधिक लोक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. हे वर्णन माझ्या भाच्याचं आहे, आणि म्हणून मला ते नुसतं वाचून सोडून देता येत नाही.

वायदा वाईट नाही. पीक हाती यायच्या आधी भाव बांधून घ्यावा, ही त्यामागची मूळ गरज. ती ज्याला आहे तो या घरात राहतो आणि पहाटे रानात जातो. पण हरभऱ्याच्या वायद्यात नवे सौदे ऑगस्ट 2021 मध्ये थांबवले गेले. त्याच डिसेंबरात सोयाबीनसह आणखी काही शेतमालांच्या वायद्यांवर बंदी आली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. ज्या पोराकडे जोखीम नाही त्याच्यासाठी सव्वासोळा लाखांची जोखीम मोबाइलवर खुली, आणि ज्या बापाच्या खळ्यात ती पडलेली आहे त्याचं दार बंद. मला हे अन्यायाचं वाटतं.

मक्याचा वायदा मात्र एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात होतो आणि मका या घरच्या रानात पिकतो. तेव्हा वहीत निफ्टीच्या कागदी सौद्यांशेजारी भाच्याने दोन नवे रकाने आखले: मक्याचा वायद्यातला भाव आणि लासूर स्टेशनच्या मोंढ्यातला भाव. दोन्हींतलं अंतर कधी वाढतं, कधी मिटतं, हे दिसायला एक हंगाम तरी जाईल. तोवर खात्यात मार्जिन भरायचं नाही, हे त्याने स्वतःच आईला सांगितलं.