पैसा परका, कसब घरचं

परदेशी कंपनी आली की पहिला प्रश्न ठरलेला: किती कोटी घातले? खरी गंमत मात्र कारखान्याच्या गेटाबाहेर असते.

बांगलादेशचंच घ्या. १९७९ साली ‘देश गारमेंट्स’ने १३० जणांना शिवणकाम, कटिंग, हिशेब शिकायला दक्षिण कोरियात, देवू कंपनीकडे पाठवलं. देवूने पैसा फारसा ओतला नाही. यंत्रं, तालीम आणि बाहेरचं गिऱ्हाईक मिळवून दिलं. मंडळी शिकून आली आणि काही वर्षांतच त्यांतल्या ११५ जणांनी ‘देश’ला रामराम ठोकला! कुणी दुसऱ्या नव्या कारखान्यात गेलं, कुणी स्वतःचाच काढला. मालकाने कपाळावर हात मारला असेल, पण देशाचं उखळ पांढरं झालं. आज बांगलादेशच्या मालनिर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे.

कोस्टा रिका या चिमुकल्या देशात १९९०च्या दशकात इंटेल आली, २०१४ मध्ये चिप जुळणीचं काम आशियात घेऊन गेली (सुमारे १,५०० नोकऱ्या गेल्या), मग ते काम परत आणलं आणि २०२५ मध्ये पुन्हा हलवायची घोषणा केली. पण बारीक, बिनचूक काम करणारे हात तिथे तयार झालेच होते. आता देशाच्या निर्यातीत वैद्यकीय उपकरणं अव्वल आहेत.

याउलट आयर्लंडचा मामला बराचसा कागदी. २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात तब्बल २६ टक्के वाढल्याचं जाहीर झालं! बड्या कंपन्यांनी आपली पेटंटं आणि मालमत्ता हिशेबापुरती तिकडे वळवली होती. शेवटी असली सूज वगळून मोजणारा वेगळा आकडाच सरकारी सांख्यिकांना काढावा लागला.

आपल्याकडे सुझुकीने १९८२ मध्ये मारुतीत २६ टक्के भागीदारी घेतली. सुटे भाग इथेच बनवून घेता घेता देशी पुरवठादार तयार झाले. २०१६ मध्ये भारतात बनलेली बलेनो थेट जपानला विकायला गेली.

आणि पुणं? इथे कसब आधी, परका पैसा नंतर. पिंपरी-भोसरीत टर्नर, फिटर आणि सुटे भाग बनवणारी वर्कशॉपं होतीच. १९९०च्या दशकात मर्सिडीजची जुळणी टाटांच्या पिंपरीतल्या आवारात सुरू झाली. २००९ मध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाना थाटला. एवढं तयार कसब दारात असताना जर्मनांनी आणखी कुठे जायचं?