मापाने बांधून घेतलेला लॅपटॉप

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. नगरपरिषद मात्र दोन्हींची मिळून एकच. बारावी झाली की इथली मुलं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, पनवेल-मुंबईला नाहीतर पुण्याला शिकायला जातात. त्याच सुमारास घरात लॅपटॉपचा विषय निघतो. ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हटलं की आईवडिलांच्या कपाळावर आठी पडते. खेळण्यासाठी एवढे पैसे कशाला, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. पण व्हॅलोरंटसारखा गेम चालवणारी ग्राफिक्स चिपच ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती चित्र घडवते, व्हिडिओचं संपादन वेगात करते आणि यंत्रशिक्षणाचे प्रयोगही चालवते. शिवाय गेम बनवणं हाही आता आपल्याकडचा व्यवसाय आहे. ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर उभा राहिलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये जगभर आणला. तेव्हा यंत्र घ्यावं की नाही यावर फार वाद घालण्यापेक्षा ते कसं निवडावं हे समजून घेतलेलं बरं.

दुकानातला तयार लॅपटॉप सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरी वाट म्हणजे आपल्या गरजेप्रमाणे भाग निवडून यंत्र बांधून घेणं. ती वाट चांगली आहे. तिच्यात नेमकं काय आपल्या हातात असतं आणि काय नसतं, हे मात्र ऑर्डर देण्याआधी कळायला हवं.

बांधतात म्हणजे काय करतात

डेस्कटॉप संगणक खऱ्या अर्थाने सुटा बांधता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मदरबोर्डपासून कॅबिनेटपर्यंत प्रत्येक वस्तू वेगळी घेता येते. लॅपटॉपचं तसं नाही. लॅपटॉप बांधणारे विक्रेते आधी एक तयार सांगाडा आणतात. या धंद्यात त्याला ‘बेअरबोन’ म्हणतात. तैवानची क्लेव्हो आणि चीनची टाँगफँग ही त्यातली मोठी नावं. जर्मनीतली शेंकर, ब्रिटनमधली पीसी स्पेशालिस्ट, अमेरिकेतली सेगर हे विक्रेते याच प्रकारच्या सांगाड्यांवर आपली यंत्रं उभी करत आले. भारतातही बंगळुरूच्या अ‍ॅझॉमसारख्या विक्रेत्यांनी क्लेव्होच्या सांगाड्यावरचे लॅपटॉप विकले.

या सांगाड्यात बाहेरचं आवरण, पडदा, कीबोर्ड, मदरबोर्ड आणि पंख्यांसह उष्णता बाहेर टाकणारी तांब्याच्या नळ्यांची रचना आलेली असते. आजकाल प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपही मदरबोर्डवर कायमची डाखलेली येते. दहाएक वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. क्लेव्होच्या पी-८७० मालिकेसारख्या दणकट यंत्रांत डेस्कटॉपचा प्रोसेसर खाचेत बसवता येई, आणि ग्राफिक्स कार्ड ‘एमएक्सएम’ नावाच्या सुट्या पट्टीवर असल्याने काढून दुसरं लावता येई. यंत्रं सडपातळ होत गेली तशी ही सोय मागे पडली.

विक्रेत्याच्या हातात उरतं ते एवढंच: रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड, चिपवर लावायची उष्णतावाहक पेस्ट, विंडोज आणि शेवटची चाचणी. म्हणून ऑर्डरच्या पानावर वीस पर्याय दिसले तरी त्यांचे दोन गट पाडावेत: नंतर बदलता येणाऱ्या वस्तू आणि कधीच न बदलणाऱ्या वस्तू. माझं सगळं सांगणं या एका वाटणीभोवती आहे. बहुतेक जण पहिल्या गटावर पैसे घालतात आणि दुसऱ्याकडे नीट बघतही नाहीत. करायला हवं ते नेमकं उलटं.

जे बदलत नाही ते आधी

न बदलणाऱ्या वस्तूंत पहिली ग्राफिक्स चिप, आणि तिथे नावाने फसगत होते. आरटीएक्स ४०९० हे नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपच्या चिपलाही. पण डेस्कटॉपच्या कार्डात २४ जीबी मेमरी असते आणि ते ४५० वॉटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपच्या चिपमध्ये मेमरी १६ जीबी, आणि वीज वाढीव धरूनही साधारण १७५ वॉट. आतलं सिलिकॉनच वेगळं आहे.

दुसरी फसगत एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये होते. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची चिप एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॉट अशा पल्ल्यात दिली आहे. कुठल्या लॅपटॉपमध्ये ती किती वॉटवर चालेल, हे त्या लॅपटॉपचा निर्माता ठरवतो. बारीक, हलक्या यंत्रात तीच चिप दमाने चालते आणि जाड, चांगल्या पंख्यांच्या यंत्रात पूर्ण ताकदीने. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो वॉटचा, आणि उत्तर लेखी घ्यायचं. या आकड्याला ‘टीजीपी’ म्हणतात.

त्यानंतर उष्णता. कुठलाही पंखा चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. वातानुकूलित खोलीत केलेल्या चाचणीत ८० अंश दाखवणारं यंत्र मे महिन्यात अष्टमीतल्या कौलारू घरात त्याहून बरंच तापेल, कारण आत येणारी हवाच मुळात तेवढी गरम आहे. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि ऐन खेळात चित्र अडखळतं. कोकणात यंत्र वापरायचं असेल तर अर्धा किलो वजन जास्त पत्करावं, पण जाड सांगाडा घ्यावा. पेस्टच्या पर्यायांत ‘लिक्विड मेटल’ दिसलं तर भुलू नये. तिच्यात गॅलियम असतं. ते वीजवाहक आहे आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. सांडलं तर मदरबोर्ड जाऊ शकतो. उष्णतेने मऊ होऊन बसणारी ‘फेज चेंज’ पट्टी निर्धोक आणि टिकाऊ.

तिसरी वस्तू पडदा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा जवळपास ७ मिलिसेकंदांनी. नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना आणि हाताला जाणवतो. त्यापुढे २४० हर्ट्झपर्यंत जाण्यातला फायदा कमी कमी होत जातो. चित्रकला, छायाचित्रं किंवा व्हिडिओचं काम करायचं असेल तर रंगांची व्याप्ती अधिक महत्त्वाची. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर ठीक.

नंतर वाढवता येतं ते

रॅम आणि एसएसडी बहुतेक अशा सांगाड्यांत स्क्रू काढून बदलता येतात. तरी ‘रॅमच्या खाचा किती आणि एसएसडीच्या किती’ हे विचारून घ्यावं, कारण काही बारीक यंत्रांत रॅमही डाखलेली असते. सोळा जीबी घ्यायची असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात; दोन पट्ट्यांवर माहितीची ये-जा दोन वाटांनी होते आणि गेमचा वेग सुधारतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीला प्रचंड मागणी केली आणि रॅमचे भाव कडाडले. अशा काळात गरजेपुरती रॅम घेऊन भाव उतरल्यावर ती वाढवण्याची मुभा हातात असणं हा बांधून घेतलेल्या यंत्राचा मोठाच आधार आहे.

विंडोज न घेता यंत्र स्वस्त मिळतं, आणि लिनक्सवर स्टीम या गेम विकणाऱ्या मंचावरचे पुष्कळ गेम आता चालतात. पण व्हॅलोरंटची फसवणूकविरोधी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे तो गेमही तिथे खेळता येत नाही. मुलाला नेमकं काय खेळायचं आहे, हे आधी त्यालाच विचारा.

वीज, पाऊस आणि बॅटरी

गेमिंग लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता ९९ वॉट-तासांच्या वर सहसा दिसत नाही. याचं कारण विमानप्रवासात आहे: १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी प्रवाशाला वेगळ्या परवानगीशिवाय सोबत नेता येते. आता हिशोब करा. दीडशे वॉट खाणारं यंत्र अशा बॅटरीवर पूर्ण जोरात तासभरही टिकणार नाही. म्हणून वायर काढली की यंत्र आपली ताकद आपणहून निम्म्याखाली आणतं. खरा खेळ वायर लावूनच होतो.

आपल्या रायगड जिल्ह्यात ही गोष्ट मोलाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्याला धडकलं, आणि त्यानंतर अनेक गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तेवढं मोठं संकट रोज येत नसलं तरी पावसाळ्यात वीज जाणं-येणं चालूच असतं. २३० ते ३३० वॉटचा अ‍ॅडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा तर इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा हवा आणि बाकीचा भार धरून त्याची क्षमता पुरायला हवी. अर्थिंग तपासून घ्यावं. अर्थिंग नसेल तर धातूच्या आवरणाला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि लोक दोष लॅपटॉपला देतात. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आहे का, तेही पाहावं.

परदेशातून आणावा का

घरातलं कोणी लंडनला किंवा न्यू जर्सीला असतं, आणि येताना आणायला सांगू असा विचार होतो. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सामानातून एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो, त्यामुळे व्यवहार सोपा वाटतो. पण वॉरंटी बहुधा त्या देशापुरती असते. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, ब्रिटिश प्लग आपल्या बोर्डात बसत नाही. अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे याची खात्री तर हवीच. इथे घेतला तर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याच्या बदल्यात पक्कं बिल मिळतं, आणि बिल हीच पुढच्या तक्रारीची पहिली अट आहे.

खोकं उघडल्यावर

बांधून घेतलेलं यंत्र हाती आलं की पहिल्यांदा थोडा हिरमोड होऊ शकतो. बऱ्याच यंत्रांवर नाव-चिन्ह नसतं, आवरण साधं काळं, जाडी अपेक्षेपेक्षा जास्त आणि अ‍ॅडॅप्टर एकटाच पाऊण-एक किलोचा. दिव्यांची रोषणाई दोन दिवसांत जुनी होते. म्हणून पहिलं मत डोळ्यांवर न सोडता तपासून बनवावं.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, यंत्राच्या तळावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का, पाहा. पडदा काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असा एकेका रंगाने भरून मेलेला ठिपका शोधा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या किती खाचा भरल्या आहेत ते दिसतं. दोन पट्ट्यांचे पैसे दिले असतील तर दोन दिसायला हव्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन एसएसडी किती तास चालली आहे ते सांगतं. नव्या यंत्रात चाचणीचे थोडे तास असणं स्वाभाविक. शेकडो असतील तर विचारा. बॅटरीचा अहवाल विंडोजमधूनच निघतो. त्यातली मूळ क्षमता आणि आजची क्षमता जवळपास सारखी हवी.

मग अर्धा-पाऊण तास जड गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या साधनात तापमान व वॉट बघा. लेखी घेतलेला वॉटचा आकडा इथे पडताळता येतो. पहिल्या पाच मिनिटांत दिसलेला वेग शेवटच्या पाच मिनिटांतही टिकला, तर बांधणाऱ्याने काम चोख केलं आहे. पंख्यांचा आवाज मोठा येईल. ती त्या ताकदीची किंमत आहे. खरखर किंवा घासल्याचा आवाज मात्र दोषाचा.

हे सगळं पहिल्या आठवड्यातच करायचं, कारण ‘ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही’ अशी अट अनेक विक्रेते घालतात. सदोष माल ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असो वा दिल्लीचा, रोहा-अष्टमीच्या ग्राहकाला जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

दुरुस्तीचं अंतर

एक भाग कुठल्याच तपशिलात लिहिलेला नसतो: सेवा केंद्र किती लांब आहे. मोठ्या ब्रँडचा तंत्रज्ञ घरी येण्याची शक्यता तरी असते. छोट्या विक्रेत्याकडे यंत्र कुरियरने पाठवावं लागतं, आणि परीक्षेच्या तोंडावर ते परवडत नाही. दिवा स्थानकाला जाणारी मेमू गाडी पकडून मुंबई गाठली तरी डाखलेल्या चिपचं काम दिवसात होत नाही. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: तळाचं झाकण उघडून रॅम, एसएसडी बदलली आणि पंखे साफ केले तर वॉरंटी राहील, पंखे व बॅटरी किमान काही वर्षं सुटे विकत मिळतील, आणि कुरियरचा खर्च कोण देणार. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याचं संकेतस्थळही सुरू केलं. ग्राहकांनी प्रत्येक खरेदीत ही मागणी केली तरच त्या हक्काला अर्थ येईल.

बांधून घेतलेल्या लॅपटॉपचं खरं मोल याच मागणीत आहे. झाकण उघडता येतं, आतलं समजून घेता येतं, पंख्यात साठलेली धूळ घरीच काढता येते. चार-पाच वर्षं चालेल असं यंत्र घ्यायचं, तर ऑर्डरच्या पानावर पहिला तास सांगाडा, वॉट, पडदा आणि सेवा यांना द्या. रॅमचा आकडा शेवटी ठरवा. आणि ज्या मुलासाठी यंत्र घेताय त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून एक चांगला स्क्रू-ड्रायव्हरही द्या. गेम तो कुठल्याही यंत्रावर शिकेल. यंत्र मात्र उघडता येईल तेव्हाच शिकेल.