स्क्रीन उलटी होते, पण उपयोगाला येते का?
टू-इन-वन लॅपटॉपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

साठ ते नव्वद हजार रुपयांच्या टप्प्यात लॅपटॉप बघायला गेलं, की विक्रेता एक तरी टू-इन-वन पुढे करतोच. स्क्रीन मागे नेत नेत पूर्ण उलटी करतो, बोटाने फोटो सरकवून दाखवतो आणि घरातल्या सगळ्यांना चालेल अशी ग्वाही देतो. एचपी पॅव्हिलियन एक्स३६०, लेनोव्हो योगा, डेल इन्स्पिरॉन टू-इन-वन ही त्यातली ओळखीची नावं. ही यंत्रं वाईट नाहीत. पण त्यांच्याविषयीच्या ज्या समजुती घेऊन आपण दुकानात शिरतो, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या असतात. मग कधी न वापरल्या जाणाऱ्या सोयीवर पैसे जातात, तर कधी जी सोय खरोखर कामाची आहे तीच तपासायची राहून जाते.

गैरसमज १ : टू-इन-वन घेतला की टॅबलेटचे पैसे वाचतात

वस्तुस्थिती : चौदा इंची कन्व्हर्टिबल, म्हणजे स्क्रीन उलटी होणाऱ्या, लॅपटॉपचं वजन साधारण दीड किलो असतं. साधा आयपॅड पाचशे ग्रॅमच्याही आत बसतो. दीड किलोची वस्तू एका हातात धरून, आडवं पडून पुस्तक वाचायचा प्रयत्न पाच मिनिटांत संपतो. शिवाय स्क्रीन उलटी केली की कीबोर्ड पाठीमागे जातो. आतला सेन्सर तो बंद करतो, त्यामुळे बटणं दाबली गेली तरी काही टाइप होत नाही; पण धरताना ती बोटांना लागत राहतात.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. लेनोव्होने २०१२ साली आयडियापॅड योगा १३ हा पूर्ण उलटा होणारा लॅपटॉप आणला, त्याच वर्षी विंडोज ८ आली. मोठ्या चौकोनांची ती रचना बोटांसाठी होती आणि पुढे सगळी ॲप्स तशीच होतील, असा तेव्हाचा अंदाज होता. तसं झालं नाही. एक्सेलचे चौकोन, टॅलीच्या नोंदी, सरकारी पोर्टलवरचे बारीक पर्याय आजही माऊस आणि कीबोर्ड गृहीत धरूनच बनलेले आहेत. विंडोज ११मध्ये तर टॅबलेट मोडचं वेगळं बटणही राहिलेलं नाही. स्क्रीन उलटी केली की खालच्या पट्टीवरची चिन्हं जरा ऐसपैस होतात, इतकंच.

मग उलटी होणारी स्क्रीन निरुपयोगी का? नाही. तंबूसारखा उभा केला की हा लॅपटॉप ओट्यावर, रेल्वेच्या छोट्या टेबलावर कमी जागेत मावतो. कीबोर्ड खाली पालथा घालून स्क्रीन पुढे घेतली की समोर बसलेल्या ग्राहकाला आराखडा दाखवणं सोपं जातं. रोजच्या वापरात या दोन स्थिती जास्त कामाला येतात, आणि जाहिरातीत मात्र टॅबलेटची स्थिती पुढे असते.

गैरसमज २ : टचस्क्रीन आहे म्हणजे माऊसची गरज नाही

वस्तुस्थिती : उभ्या स्क्रीनवर हात अधांतरी धरून सतत काम केलं की खांदा भरून येतो. पान सरकवणं, फोटो मोठा करणं, सही करणं अशा तुटक कामांना बोट उत्तम. मजकूर निवडणं, तक्ता भरणं, फाइली लावणं यांना टचपॅड किंवा माऊसच हवा. म्हणून टू-इन-वन निवडतानाही टचपॅड आणि कीबोर्ड आधी तपासावेत, कारण बहुतेक वेळ हात तिथेच असणार आहेत.

गैरसमज ३ : टचस्क्रीनवर कोणताही पेन चालतो

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त निराशा इथे होते, आणि टू-इन-वन घेण्याचं सगळ्यात चांगलं कारणही इथेच आहे.

दोन-तीनशे रुपयांना मिळणारा रबरी टोकाचा पेन लॅपटॉपच्या दृष्टीने बोटच असतो. त्याने टिचकी मारता येते, नीट लिहिता येत नाही. हात स्क्रीनवर टेकला की तळव्याचीही नोंद होते आणि भलतीकडे रेघा उमटतात. खरं लिखाण ॲक्टिव्ह पेनने होतं. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, बहुतेकांना सेल किंवा चार्जिंग लागतं आणि पेन व स्क्रीन एकमेकांना संकेत देतात. त्यामुळे पेन जवळ आला की स्क्रीन तळव्याकडे दुर्लक्ष करते, आणि दाब कमी-जास्त केला की रेघ बारीक-जाड होते.

पण या संकेतांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. विंडोज लॅपटॉपमध्ये प्रामुख्याने दोन दिसतात : मायक्रोसॉफ्ट पेन प्रोटोकॉल, म्हणजे एमपीपी, आणि वॅकॉम एईएस. बऱ्याच क्रोमबुकांत यूएसआय असते. सॅमसंगच्या एस पेनची पद्धत आणखी निराळी; त्याला लिहिण्यापुरता सेलही लागत नाही. एका पद्धतीचा पेन दुसऱ्या पद्धतीच्या स्क्रीनवर चालत नाही. काही पेन एमपीपी आणि एईएस दोन्ही जाणतात, पण ते तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. ॲपलची पेन्सिल विंडोज लॅपटॉपवर चालत नाही. आणि काही स्वस्त टचस्क्रीन लॅपटॉप ॲक्टिव्ह पेन ओळखतच नाहीत. ते फक्त बोटासाठी असतात.

म्हणून विक्रेत्याला 'पेन चालतो का?' असं विचारू नये, उत्तर 'हो' असंच येतं. 'याला कोणत्या पद्धतीचा पेन लागतो, आणि तो खोक्यात आहे का?' असं विचारावं. मग दुकानातच तळहात स्क्रीनवर टेकवून चार ओळी मराठीत लिहाव्यात. शिरोरेषा मारताना रेघ हाताच्या मागे किती रेंगाळते ते लगेच कळतं. नंतर एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढावी. ती नागमोडी आली, तर बारीक अक्षर आणि आकृत्या दोन्हींना त्रास होणार. गणिताचे शिक्षक, नोट्स काढणारे विद्यार्थी, पीडीएफवर खुणा करणारे वकील आणि संपादक यांच्यासाठी ही दोन मिनिटांची चाचणी प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

गैरसमज ४ : आय७ म्हणजे वेगवान, आय३ म्हणजे मंद

वस्तुस्थिती : ३, ५, ७ हे आकडे एकाच पिढीतल्या तुलनेपुरते असतात. इंटेलच्या सातव्या पिढीतल्या आय७-७५००यूमध्ये दोनच कोअर होते. तेराव्या पिढीतल्या आय३-१३१५यूमध्ये सहा आहेत. त्यामुळे 'आय७ आहे, स्वस्तात देतो' म्हणून पुढे येणारा जुना लॅपटॉप नव्या आय३च्या मागे पडतो. शिवाय विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही.

एकाच पिढीतही फरक वाटतो तेवढा नसतो. आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू दोन्हींत दहाच कोअर आहेत. आय७चा कमाल वेग थोडा जास्त, बस. पातळ कन्व्हर्टिबलमध्ये हा प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग आवरतो, म्हणजे जास्तीच्या वेगाचा बराचसा भाग तसाही हाती लागत नाही.

एएमडीच्या नावांतही अशी गोम आहे. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर एका अंकाचा फरक. प्रत्यक्षात पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३चे सहा. स्टिकरवर फक्त 'रायझेन ५' दिसतं. पूर्ण क्रमांक मागून घ्यावा.

गैरसमज ५ : आठ जीबी रॅम घेऊ, लागली तर वाढवू

वस्तुस्थिती : विंडोज ११ची किमान अट चार जीबीची आहे, पण ती यंत्र सुरू होण्यापुरती. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि वर्डची फाइल एवढ्यावर आठ जीबी भरत येते. आणि पातळ कन्व्हर्टिबलांमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच पक्की केलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. चार-पाच वर्षं वापरायचा विचार असेल तर सोळा जीबी पहिल्याच दिवशी घ्यावी; आय५वरून आय७वर जाण्यापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतात.

साठवणुकीची एसएसडी मात्र पुष्कळदा बदलता येते. विंडोजमध्ये ५१२ जीबीच्या जागी सुमारे ४७६ दिसले म्हणून फसवणूक झाली असं समजू नये. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजते. जागा तेवढीच असते, मोजमाप वेगळं.

गैरसमज ६ : फुल एचडी लिहिलंय म्हणजे स्क्रीन चांगली

वस्तुस्थिती : फुल एचडी म्हणजे ठिपक्यांची संख्या. मराठी वाचायला तिचा फायदा होतोच. रफार, अनुस्वार, जोडाक्षरं जुन्या १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर गिचमीड दिसतात, फुल एचडीवर सुटी दिसतात. पण स्क्रीन किती उजळ आहे आणि रंग किती खरे दाखवते, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.

उजळपणा निट्समध्ये मोजतात. या किमतीत २५० ते ३०० निट्सच्या स्क्रीन सर्रास मिळतात. साध्या लॅपटॉपच्या मॅट स्क्रीनला ते खोलीत पुरतं. टचस्क्रीनवर बहुधा चकचकीत काच असते. तिच्यात मागची खिडकी आणि डोक्यावरची ट्यूबलाइट दिसते, म्हणून तिला जास्त उजेड लागतो. ४०० निट्सची स्क्रीन मिळाली तर उत्तम. रंगांसाठी तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर रंग फिके असणार. '१०० टक्के एसआरजीबी' असेल तर फोटो आणि छपाईच्या कामालाही चालेल. आणखी एक : १६:१० आकाराची स्क्रीन थोडी उंच असते, पानाच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. उभी धरून लिहितानाही ती १६:९पेक्षा कमी चिंचोळी वाटते.

गैरसमज ७ : बारा तास बॅटरी म्हणजे दिवसभराची निश्चिंती

वस्तुस्थिती : असे आकडे बहुधा मंद उजेडावर, नुसता व्हिडिओ चालवून काढलेले असतात. आपला हिशेब सोपा आहे. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये दिलेली असते. तिला सरासरी वापराने भागायचं. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि कामाला सरासरी दहा वॉट लागले तर पाच तास. व्हिडिओ कॉलवर पंधरा वॉट लागले तर सव्वातीन. टचचा थर आणि वाढवलेला उजेड हेही थोडी बॅटरी खातात.

बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं. बऱ्याच लॅपटॉपांच्या तपशिलात वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ते रोज ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये. दिवसभर चार्जरला लावूनच काम होत असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करावी.

गैरसमज ८ : बिजागरी मोडणारच, आणि मोडली तर वॉरंटी आहेच

वस्तुस्थिती : वाक्याचे दोन्ही भाग तपासून घ्यावेत. चांगल्या बनावटीची बिजागरी वर्षानुवर्षं टिकते. एकाच कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडायची सवय मात्र तिला पिळत राहते. नेहमी मध्यावर धरून उघडावी. दुकानात स्क्रीन अर्धी उघडून टेबलावर बोटाने टिचक्या माराव्यात. ती डगमगत असेल तर लिहितानाही डगमगेल.

वॉरंटी ही निर्मितीतल्या दोषांसाठी असते. पडून फुटलेली काच, सांडलेला चहा, कीबोर्डवर इअरफोन राहिलेला असताना बंद केल्याने गेलेला तडा तिच्यात येत नाहीत. टचस्क्रीनमध्ये काच आणि डिस्प्ले बहुधा एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे नुसती काच बदलून भागत नाही आणि खर्च साध्या स्क्रीनपेक्षा बराच जास्त येतो. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण विकत मिळतं. साध्या लॅपटॉपला ते टाळलं तरी चालेल. टू-इन-वनला, विशेषतः तो मुलांच्या हातात जाणार असेल तर, घेतलेलं बरं.

मग घ्यावा की नाही?

एकच प्रश्न स्वतःला विचारावा : मी यावर हाताने लिहिणार आहे का? शिकवताना फळ्यासारखा वापरायचा असेल, आकृत्या-समीकरणांच्या नोट्स काढायच्या असतील, कागदपत्रांवर खुणा आणि सह्या करायच्या असतील, तर टू-इन-वनसारखी सोय साध्या लॅपटॉपमध्ये मिळणार नाही. अशा वेळी खर्चाचा क्रम ठरवून टाकावा : आधी ॲक्टिव्ह पेन चालणारी उजळ स्क्रीन, मग सोळा जीबी रॅम, मग मोठी बॅटरी, आणि उरले तर प्रोसेसर. टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होतं का आणि बाहेरची स्क्रीन जोडता येते का, हेही विचारून घ्यावं. दिसायला सारखी असली तरी सगळी टाइप-सी पोर्ट ही दोन्ही कामं करत नाहीत.

मुख्य काम टायपिंग, तक्ते, ईमेल आणि सिनेमे एवढंच असेल, तर उलट्या होणाऱ्या स्क्रीनचे पैसे वाचवावेत. त्याच किमतीचा साधा लॅपटॉप बहुतेक वेळा जास्त रॅम, मॅट स्क्रीन किंवा मोठी बॅटरी देतो, आणि या तिन्ही गोष्टी रोज वापरात येतात.